प्रस्थानाची गाठ

त्याच्याबद्दल लिहिताना मी ‘ते’ आणि ‘म्हणाले’ लिहिणार नाही. तोंडावर चौदा वर्षं अहो-जाहो केलं, तेवढं पुरे झालं. तो आमचा घरमालक होता. धारवाडात सप्तापूरला मंगळुरी कौलांच्या पाच बिऱ्हाडांची एक ओळ त्याच्या मालकीची होती आणि पहिल्या दोन खोल्यांत तो स्वतः राहायचा, एकटाच. सगळी बिऱ्हाडं त्याला ‘मालक’ म्हणायची. मी मनातल्या मनात म्हातारा म्हणायचो आणि इथंही तेच म्हणणार आहे. आज माझं वय त्याच्या तेव्हाच्या वयाच्या पुढं गेलंय, तरी त्याची आठवण आली की माझी कानशिलं तापतात. माणूस मेला की त्याच्यावरचा राग जातो म्हणतात. ज्यांचा जात असेल त्यांचा जावो.

ओळीला फाटक एकच आणि फाटकाच्या आत, जाणाऱ्याला वळसा घालूनच जावं लागेल अशी, त्याची वेताची खुर्ची. कलेक्टर कचेरीत त्याची सगळी नोकरी पासपोर्टच्या टेबलावर गेली होती. जिल्ह्यातून कुणाला आफ्रिकेला, सिलोनला, विलायतेला जायचं असलं की त्याचा अर्ज म्हाताऱ्याच्या हाताखालून मुंबईला जायचा. पेन्शन झाली, टेबल सुटलं, पण खोड सुटली नाही. कुणी पिशवी घेऊन फाटकाकडे निघालं की खुर्चीतून आवाज यायचा, “कागद बघू.” रॉकेलला निघालेल्या बाईनं रेशन कार्ड दाखवायचं, दवाखान्यात निघालेल्यानं डॉक्टरची चिठ्ठी, लग्नाला निघालेल्यानं पत्रिका. आणि सगळे मुकाट्यानं दाखवायचे. मला त्याच्याइतकाच ह्या लोकांचा राग यायचा.

दाखवायचे त्याला कारण होतं म्हणा. तिसऱ्या बिऱ्हाडातले मास्तर एकदा सहकुटुंब गदगला लग्नाला निघाले. टांगा दारात, मास्तरीणबाई शालू नेसून, मुलांच्या डोळ्यांत काजळ. म्हाताऱ्यानं पत्रिका मागितली, चष्मा पुसला, वाचली आणि मास्तरांशी एक अक्षर न बोलता टांगेवाल्याला म्हणाला, “तू जा बाबा. ह्यांचं लग्न अजून पंधरा दिवसांनी आहे.” पत्रिकेत वद्य पंचमी छापली होती आणि मास्तर शुद्ध पंचमीला निघाले होते. मास्तरीणबाई शालूसकट घरात गेल्या आणि त्या दिवशी मास्तरांच्या स्वयंपाकघरातून भांड्यांचे जे आवाज आले ते पाचव्या बिऱ्हाडापर्यंत ऐकू गेले.

कागद दुमडलेला त्याला खपायचा नाही. माझी आई रेशन कार्ड चार घड्या घालून कमरेला खोचायची. ते त्याच्या हातात पडलं की तो मांडीवर ठेवून तळहातानं सपाट करत बसायचा आणि बडबडायचा, “वहिनी, कागद काय पापड आहे काय मोडायला?” आई हसायची. वडील गेल्यावर आम्हाला खोली देणारा हा एकटाच निघाला होता, त्यामुळे त्याचं आईला सगळंच चालायचं.

पासपोर्ट हातात घ्यायच्या आधी तो हात धुवायचा. खरंच धुवायचा, नळावर जाऊन, साबण लावून. मग मांडीवर पंचा पसरायचा आणि त्यावर ते पुस्तक ठेवून एकेक पान उलटायचा. गावातले लोक लांबून लांबून त्याच्याकडे पासपोर्ट दाखवायला यायचे. मोंबासाला बोटीतून उतरल्यावर डॉक्टर कुठल्या हाताला बसतो, कोलंबोला कोणता कागद आधी मागतात, हे सगळं तो वेताच्या खुर्चीत बसून सांगायचा. स्वतः मिरज स्टेशनाच्या पुढं कधी गेला नव्हता. मी एकदा मुद्दाम खोचून विचारलं, “मालक, तुमचा स्वतःचा पासपोर्ट कुठाय?” तर म्हणाला, “मला कोण घेऊन चाललंय रे?” आणि पुन्हा चष्मा पुसायला लागला. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं: “सरहद्दीवर माणसाला कोण विचारतंय? तिथं कागद बोलतोय. माणूस सुम्म उभा, तोंड मिटून.” हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल आणि शंभरदा मला त्याचा कंटाळा आला असेल.

माझं आणि त्याचं बिनसलं ते माझ्या नोकरीच्या वेळी. मी नुकताच बी.ए. झालो होतो, थर्ड क्लासात. हुबळीला कोप्पीकर रोडवर एका विम्याच्या कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी मुलाखतीला बोलावणं आलं होतं. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो तर खुर्चीतून आवाज आला, “एनप्पा, कुठं निघालास? कागद बघू.” मी दिले. माझी चूक. त्यानं माझी मार्कांची यादी काढली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. सगळी बिऱ्हाडं दात घासत, पाणी भरत अंगणात होती.

“अर्थशास्त्र, पस्तीस. इंग्रजी, छत्तीस. इतिहास, पस्तीस. बेस केलंस की रे. काठाकाठानं चालत आलायस, पाय भिजू दिला नाहीस.”

सगळे हसले. माझी आईसुद्धा हसली. पाचव्या बिऱ्हाडात पाहुणी म्हणून आलेली एक मुलगी होती, तिच्यासाठी मी महिनाभर भांग पाडत होतो. ती हसली ते मला अजून ऐकू येतं. वर म्हातारा म्हणतो, “आणि ही नक्कल कुणी साक्षांकित केलीय? सही कुठाय? हे कागद घेऊन तुला दारातनं हाकलतील.” मला तसंच धरून त्यानं चौथ्या बिऱ्हाडातल्या प्रोफेसरांकडे नेलं, सह्या करवून घेतल्या, आणि मग सोडलं. मुलाखतीला आलेल्या सात जणांतल्या तिघांना कचेरीनं सही नाही म्हणून बाहेरच ठेवलं. जागा मला मिळाली. आता हे असं आहे की एखाद्यानं आपला अपमान करावा आणि वर त्याचंच खरं निघावं, ह्यासारखं दुसरं जळणं नाही. संध्याकाळी परत आलो तो सरळ त्याच्या खुर्चीपुढं उभा राहिलो. म्हटलं, “आजपासून आमच्या घरच्या कुठल्याही कागदाला हात लावायचा नाही. माझ्या नाही, आईच्या नाही, अक्काच्या नाही.”

तो “बरं,” म्हणाला.

आणि त्यानं ते पाळलं. नंतर मी फाटकातून जाताना तो फक्त माझ्या हातातल्या कागदांकडे बघायचा, तोंडातून अवाक्षर काढायचा नाही. मला वाटलं, जिरली.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. तिचे यजमान, आमचे भाऊजी, डॉक्टर होते आणि पुढच्या परीक्षेसाठी लंडनला गेले होते. स्वातंत्र्य मिळून दोन पावसाळे झाले होते. अक्का आमच्याकडेच होती आणि दिवाळीनंतर बोटीनं तिनं लंडनला जायचं असं ठरलं होतं. पासपोर्टचा अर्ज मी भरला. कोणत्या देशात जायचे, ह्या रकान्यात इंग्लंड लिहिलं. बोट मुंबईहून निघणार, विलायतेला लागणार, त्यात आणखी काय लिहायचं? पासपोर्ट रजिस्टर पोस्टानं आला त्या दिवशी पोस्टमनला मी कोपऱ्यावरच गाठलं, कारण फाटकात म्हातारा बसला होता. त्याला कळलंच. पुढं महिनाभर तो आईला विचारत होता, “वहिनी, अक्काचं पुस्तक आलं म्हणतात. बरं आहे ना सगळं?” आई माझ्याकडे बघायची आणि मी मान हलवायचो, नाही म्हणून.

श्रावण संपता संपता, एका सोमवारी, भाऊजींच्या मित्राची तार आली. भाऊजींच्या छातीत पू झाला होता, शस्त्रक्रिया केली होती, प्रकृती गंभीर होती, पत्नीनं शक्य तितक्या लवकर यावं. बोटीला तीन आठवडे लागणार. हुबळीला दुर्गदबैलात काकांचं कापडाचं दुकान होतं, ते तार वाचून त्याच दिवशी धावत आले आणि म्हणाले, विमानानं पाठवू. मुंबईतल्या त्यांच्या अडत्यानं खटपट करून पुढच्या सोमवारच्या विमानात एक जागा मिळवली. पासपोर्ट तर तयारच होता. आम्हाला वाटलं, देवच पावला.

आता ह्यात शास्त्र आडवं आलं. मुंबईला पोचायचं तर शनिवारी धारवाड सोडायला हवं होतं, आणि आमच्या भटजींनी सांगितलं की शनिवारी अमावास्या आहे. बुधवारी सकाळचा मुहूर्त चांगला. अशा वेळी आमच्यात प्रस्थान ठेवतात. माणसाला चांगल्या दिवशी निघता येत नसेल तर त्या मुहूर्तावर त्याची वस्तू निघते. तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि प्रवाशाची एखादी वस्तू फडक्यात बांधायची आणि उंबरठ्याबाहेर, जायच्या दिशेच्या दुसऱ्या घरी नेऊन ठेवायची. शास्त्रानं प्रवास तेव्हाच सुरू झाला. माणूस पाच दिवसांत केव्हाही निघाला तरी चालतं. जाताना ते गाठोडं उचलायचं. मात्र ते परत घरात आणायचं नाही आणि मध्ये सोडायचं नाही. सोडलं तर प्रवास मोडतो.

लोक साधारण एखादं वस्त्र ठेवतात. पण माझ्या आईचं मन धास्तावलं होतं. ती म्हणाली, जिच्याशिवाय पोरीला जाताच येणार नाही तीच वस्तू ठेवायची. म्हणून तिनं अक्काचा पासपोर्ट त्या गाठोड्यात बांधला. मी शिकलेला, बी.ए. झालेला, तिथंच उभा होतो. मला ती कल्पना फार सुंदर वाटली. मी स्वतः फडक्याला दुसरी गाठ मारली.

आणि जायच्या दिशेचं पहिलं घर म्हाताऱ्याचं.

बुधवारी सकाळी गाठोडं घेऊन मी त्याच्या दारात गेलो, मागं आई. त्यानं आम्हाला बघितलं, उठला, नळावर जाऊन हात धुऊन आला. ते बघूनच माझं डोकं फिरलं.

“ह्यात पासपोर्ट आहे काय?”

“आहे.”

“बघू की जरा.”

“नाही.”

“ऐक की रे. विमानानं चाललीय म्हणतात. विमान वाटेत कुठं उतरतंय?”

“उतरत नाही. उडतं,” मी म्हणालो.

“तेल भरायला उतरतंय. माणसं झोपायला उतरतात. ज्या देशात झोपायचं त्या देशाचं नाव पुस्तकात पाहिजे आणि वर त्यांचा शिक्का पाहिजे. तू अर्ज बोटीसाठी केला होतास. काय लिहिलंयस त्यात? उघड बघू एकदा, एक मिनिटाचं काम आहे.”

त्यानं हात पुढे केला. मला ती मार्कांची यादी आठवली, अंगणातलं हसू आठवलं. मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. मिरजेच्या पुढं न गेलेल्या माणसानं आम्हाला विमान शिकवू नये, हे बोललो. आमच्या घरावर संकट आलंय आणि तुम्हाला त्यात नाक खुपसायची हौस आलीय, हेही बोललो. तरी त्याचा हात पुढेच. तेव्हा मी म्हणालो, “ही गाठ सोडलीत तर तुम्हाला आमच्या भाऊजींची शपथ आहे. त्यांच्या जिवाचं बरंवाईट झालं तर ते तुमच्यावर.”

म्हाताऱ्यानं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. “अशी आण घालू नकोस रे,” एवढंच म्हणाला. आई म्हणाली, “असं बोलू नये बाळ.” पण गाठोडं परत घे असं तिनंही म्हटलं नाही. मी ते त्याच्या टेबलावर ठेवलं आणि निघून आलो.

गुरुवारी फाटकातली खुर्ची रिकामी होती. म्हातारा घरात, त्या टेबलासमोर स्टूल घेऊन बसलेला. लोक कागद न दाखवता फाटकातून जात-येत होते. दुपारी काकांचा माणूस निरोप घेऊन आला: अडत्याची तार आली आहे, विमान कंपनी पासपोर्ट दोन दिवस आधी बघायला मागते. आई म्हणाली, आता कसा देणार, तो प्रस्थानाला बसलाय, तिथं गेल्यावर दाखवू. म्हाताऱ्यानं हे ओसरीवरून ऐकलं आणि आमच्या दारात आला. चौदा वर्षांत तो आमच्या दारात पहिल्यांदा हात जोडून उभा राहिला होता.

“वहिनी, मी हात लावत नाही. गाठ तुम्ही सोडा, तुम्हीच पानं उलटा, मी लांबनं बघतो. नाहीतर ह्याला आजच्या गाडीनं पासपोर्ट देऊन पुढं पाठवा. शिक्के मिळायला दोन दिवस तरी हातात राहतील.”

“प्रस्थान उघडलं तर प्रवास मोडतो मालक,” आई म्हणाली. “तुम्ही जाणते आहात.”

“मी हे मानत नाही वहिनी.”

“आम्ही मानतो.”

अक्काला त्यानं सांगितलं असतं, पण ती आत तापानं फणफणली होती. देवी आणि कॉलऱ्याच्या टोचण्या एकदमच घेतल्या होत्या आणि आई तिच्याजवळ कुणाला फिरकू देत नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी मी कचेरीतून येत होतो तर म्हातारा सप्तापूरच्या वळणावर, रस्त्यावर उभा. घरापासून एवढ्या लांब मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. पायात चपला वेगवेगळ्या होत्या.

“शपथ सुटली म्हण,” तो म्हणाला. “तुझ्या पाया पडतो. एक शब्द आहे. सुटली म्हण, मी बघतो, परत बांधतो, कुणाला सांगत नाही.”

सत्तरीचा माणूस माझ्या पाया पडतो म्हणत होता आणि मला काय वाटलं सांगू? मला बरं वाटलं. शेवटी आला वठणीवर, असं वाटलं. मी म्हणालो, “सुटली म्हणणार नाही,” आणि पुढे चालू लागलो.

शनिवारी गाठोडं उचलून मी आणि अक्का निघालो. तो बाहेर आला नाही. रविवारी मुंबईत सगळ्या कचेऱ्या बंद. सोमवारी सकाळी सांताक्रूझला, विमानाच्या कचेरीतल्या टेबलासमोर, अक्कानं स्वतःच्या हातानं गाठ सोडली. तिच्या अंगावर काकूंच्या माहेरून मागून आणलेला लोकरी कोट होता आणि मुंबईच्या उकाड्यात ती घामानं निथळत होती. पासपोर्टवर दोन तांदळाचे दाणे चिकटले होते. ते तिनं पुसले आणि पुस्तक पुढे केलं.

तिथला अधिकारी चांगला माणूस होता. वाईट असता तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं. त्यानं सगळी पानं दोनदा उलटली आणि म्हणाला, “बाई, आमचं विमान कैरोला रात्रीच्या मुक्कामाला थांबतं. ह्या पासपोर्टवर फक्त इंग्लंडचं नाव आहे. इजिप्तचं नाव नाही, त्यांचा व्हिसा नाही. मी तुम्हाला चढवलं तर ते तुम्हाला तिथून परत पाठवतील.” मी ओरडलो. तार दाखवली. तो म्हणाला, तारेवर शिक्का मारता येत नाही. अक्का सुम्म उभी होती. विमान गेलं ते आम्ही दोघांनी कुंपणाजवळून पाहिलं.

देशाचं नाव घालून घ्यायला दोन दिवस लागले, व्हिसाला आणखी दोन. जागा त्याच्या पुढच्या सोमवारची मिळाली. अक्काला विमानात बसवून मी धारवाडला परत आलो, तर आईच्या हातात दुसरी तार होती. भाऊजी रविवारी गेले होते. तार आली तेव्हा अक्का आकाशात होती. ती मंगळवारी तिथं उतरणार, विमानतळावर भाऊजींचा मित्र उभा असणार आणि त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळणार, हे आम्ही इथं बसून मोजत होतो. पुढं त्या मित्राचं पत्र आलं. अक्काचं विमान चुकल्याची आमची तार पहिल्या मंगळवारी मिळेपर्यंत भाऊजी सारखे विचारत होते, विमान उतरलं काय. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. शनिवारपर्यंत ते शुद्धीवर होते. चार दिवस पूर्ण बोलत होते.

तार वाचून मी कुठं गेलो असेन ते सांगायला नको. म्हातारा फाटकात खुर्चीवर नुसता बसला होता. मी त्याला दंडाला धरून उठवलं आणि ती खुर्ची उचलून रस्त्यावर फेकली. म्हटलं, “जन्मभर सगळ्या गावाचे कागद उघडलेत. कुणी सांगितलेलं नसताना उघडलेत. लोकांनी शिव्या दिल्या तरी उघडलेत. आणि एकदा, फक्त एकदा गरज होती, पाच हातांवर टेबलावर पडला होता, तेव्हा तुम्हाला सभ्यपणा सुचला? का उघडलं नाहीत?”

“उघडलं असतं की रे,” तो म्हणाला. “नुसता कागद असता तर तुझी लाथ खाऊन उघडला असता. पण तू त्यात माणूस बांधलास. मी गाठ सोडली असती आणि तिकडं तो गेला असता, तर?”

“न सोडता गेलाच की.”

“हौदु, खरं आहे,” तो म्हणाला. “गेलाच.”

प्रस्थान न मानणारा, मुहूर्त न मानणारा हा माणूस एका उनाड पोरानं रागात घातलेल्या शपथेला भ्याला. त्या एका भित्रेपणासाठी मी त्याला माफ केलेलं नाही. लोक मला सांगतात, अरे त्याची काय चूक, त्यानं तर दोनदा हात जोडले. मला ते कळत नाही असं थोडंच आहे. मी घातलेली शपथ होती, मी मारलेली दुसरी गाठ होती, सुटली हा शब्द माझ्या तोंडात होता. म्हणून तर त्याचा राग येतो. मी मूर्ख होतो, पंचविशीतला होतो. तो शहाणा होता, त्यानं तरी माझं ऐकायचं नव्हतं.

अक्का दोन महिन्यांनी बोटीनं परत आली, भाऊजींची पेटी घेऊन. मी मुंबईला आणायला गेलो होतो. मिरजेपर्यंतच्या प्रवासात मी तिला सगळं सांगितलं: प्रस्थानाच्या दिवशी काय झालं, गुरुवारी तो काय म्हणाला, रस्त्यात काय म्हणाला. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून सांगितलं. धारवाड येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

टांग्यातून उतरली ती आमच्या खोलीकडे आली नाही. म्हाताऱ्याच्या दारात गेली. तो भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. फाटकात खुर्ची टाकणं त्यानं सोडून दिलं होतं. अक्का त्याच्यासमोर बसली आणि पिशवीतून पासपोर्ट काढून पुढे धरला.

“मालक, बघा.”

त्यानं मान हलवली. “आता काय बघायचं बाई.”

“बघा म्हणते ना.”

तो भिंतीला धरून उठला, नळावर जाऊन हात धुऊन आला, पंचा सापडेना म्हणून धोतराचा सोगा मांडीवर पसरला. पानं त्याला सुटी होईनात. अक्कानं ती एकेक करून उलटून दिली. त्यानं इजिप्तचं नाव वाचलं, व्हिसा वाचला, कैरोचा शिक्का वाचला, मग लंडनला उतरल्याचा. प्रत्येक ठिकाणी बोट ठेवून वाचला. शेवटच्या शिक्क्यावरच्या तारखेपाशी त्याचं बोट थांबलं आणि तो तसाच, तोंडातून आवाज न काढता रडायला लागला. अक्का थांबली. त्याचं रडून होईपर्यंत थांबली.

“बरोबर आहे सगळं?” तिनं विचारलं.

“बरोबर आहे.”

“मग तुमची शपथ सुटली, मालक. मी सोडवली.” तिनं त्याला वाकून नमस्कार केला.

मी दारात उभा होतो. ती उठून बाहेर आली तसा मी पुढं झालो, पिशवी घ्यायला आणि ते पुस्तक घ्यायला. ते मी अजून नीट पाहिलंच नव्हतं. अर्ज भरण्यापलीकडे त्याचं एक पान कधी उलटलं नव्हतं. पिशवी तिनं मला दिली. पासपोर्टकडे मी हात नेला तेव्हा तिनं तो छातीशी धरला.

“तू नको,” ती म्हणाली, आणि आईकडे गेली.